रिकामा कोंडवाडा लेकरांना द्या

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक),
विदर्भातल्या ग्रामपंचायती

विषय : एक ते तीन वर्षांच्या लेकरांसाठी, विशेषतः जुळ्यांसाठी, गावात एक बंद आवार करून देण्याबाबत.

स.न.वि.वि.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा कायदा जुळ्यांच्या बाबतीत उदार आहे. दोनपेक्षा जास्त अपत्यं झाली की उमेदवारी जाते, पण पहिल्या लेकरानंतर एकाच बाळंतपणात दोन झाली तर ती दोन मिळून एक धरतात. हे कलम अर्ज भरताना तुमच्यापैकी कुणाला तरी कामी आलंही असेल. घरात मात्र हा हिशेब चालत नाही. दीड वर्षाची झाली की ती दोन दिशांना पळतात, एक उकिरड्याकडे तर दुसरं रस्त्याकडे. मोठ्या माणसाला हात दोन असले तरी धावता एकाच दिशेला येतं. या पत्रात जे जे मागितलं आहे ते सगळं या एका अडचणीपोटी आहे.

एकटं लेकरू कडेवर मारून बाई नळावर जाते, दळण आणते, वावरात डबा पोचवते. लेकराला आपोआप झाडं दिसतात, बकऱ्या दिसतात, मातीत हात घालायला मिळतो. जुळ्यांच्या घरात हेच बंद पडतं. सोबतीला दुसरं माणूस असल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, असा नियमच होऊन बसतो. सोयाबीन सोंगणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत दुसरं माणूस मिळत नाही, म्हणजे महिना-महिना लेकरं घरात.

‘मग ठेवा घरातच’ असं कुणी म्हणेल. घर काही फार सुरक्षित नसतं. मार्चपासून जूनपर्यंत आपल्याकडे प्रत्येक घरात कूलर असतो. लोखंडी अंग, आत ओल्या ताट्या, खाली पाण्याची टाकी आणि बहुतेक घरांत अर्थिंगचा पत्ता नाही. एका लेकराला दूर करेपर्यंत दुसऱ्याचा हात कूलरवर असतो. भरलेली बकेट, न्हाणीतला हौद, जमिनीत अर्धा पुरलेला रांजण यांचंही तेच. या वयाचं लेकरू बुडायला वीतभर पाणीसुद्धा लागत नाही, आणि ते बुडतं तेव्हा आवाज करत नाही.

गावात लेकरांसाठी काही करायचं ठरलं की ग्रामपंचायत बहुधा दोनच गोष्टी करते. एक, शाळेच्या मैदानात लोखंडी घसरगुंडी आणि झोका. दोन, ओपन जिम. घसरगुंडी उघड्यावर, तोंड बहुधा पश्चिमेला, खाली गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे. एप्रिलमध्ये सकाळी दहालाच तिचा पत्रा चटका देतो आणि गट्टूवर पडलेलं डोकं फुटतं. ओपन जिमच्या दांड्या मोठ्या माणसाच्या कमरेपर्यंत हलतात, म्हणजे नेमक्या दीड-दोन वर्षांच्या लेकराच्या तोंडासमोर, आणि त्यांच्या सांध्यात बोट बसेल एवढीच फट असते. मोठ्या पोरांना या दोन्ही गोष्टी ठीक आहेत. जुळ्यांच्या आईला त्या कुंपणाविना कुचकामी, कारण एकाला घसरगुंडीवर धरलं की दुसरं रस्त्यावर असतं. आम्हाला झोका नंतर द्या. आधी चार भिंती आणि एक दार द्या.

अशा चार भिंती बऱ्याच गावांत उभ्या आहेत. इंग्रजांनी १८७१ साली मोकाट जनावरांचा कायदा केला, तेव्हापासूनचा कोंडवाडा. आता बैलजोड्या कमी झाल्या, ट्रॅक्टर आले आणि कित्येक कोंडवाड्यांत फक्त गाजरगवत राहतं. जागा ग्रामपंचायतीची, गावाच्या आत, भिंत छातीएवढी, दार एक, आणि बहुतेक ठिकाणी एखादा कडुनिंब. दोन-तीन जुळ्यांची घरं आणि आजूबाजूची एकेकटी लेकरं मिळून तीस फूट बाय वीस फूट जागा पुष्कळ झाली. जिथे जनावरं अजून कोंडतात तिथे हा विषय सोडा आणि अंगणवाडीच्या किंवा समाजमंदिराच्या आवाराचा विचार करा. पुढचं सगळं तिथेही लागू आहे.

काम जमिनीपासून सुरू करावं लागेल. कोंडवाड्याच्या वरच्या सहा इंच मातीत वर्षानुवर्षांचं शेण-मूत, जंतांची अंडी, गोचीड आणि बैलांच्या नालांचे खिळे असतात. ती माती फावड्याने काढून थेट वावरात टाका, खत म्हणून चांगली. उरलेल्या जमिनीवर एक मोठं लोहचुंबक दोरीला बांधून उभं-आडवं फिरवा. खिळे आणि तारेचे तुकडे इतके निघतील की बघणारे चकित होतील. काचा मात्र चुंबकाला लागत नाहीत, त्यासाठी उन्हं तिरपी असताना वाकून बघावं लागतं. मग चार इंच मुरूम टाकून पाणी मारून धुम्मस करा. काळी माती तशीच ठेवली तर उन्हाळ्यात तिच्या भेगांत लेकराचं पाऊल अडकतं आणि पावसाळ्यात चार महिने आवार बंद राहतं. गट्टू नको, सिमेंटचा कोबा नको, हे ठरावातच लिहून ठेवा, नाहीतर कंत्राटदार दुसरं काही करणार नाही.

एका कोपऱ्यात दहा फूट बाय दहा फूट, एक फूट खोल रेती भरा. हिशेब सोपा आहे, शंभर घनफूट म्हणजे बरोबर एक ब्रास. नदीची धुतलेली रेती हवी. क्रशरची चुरी चालणार नाही, ती अंगाला टोचते आणि तिची धूळ छातीत जाते. रेतीच्या कडेला विटांची फूटभर पाळी बांधा, तिचे कोपरे गोल करा. रात्री रेती झाकली नाही तर दोन दिवसांत कुत्र्या-मांजरांचं शौचालय होतं. जुनी शेडनेट किंवा धान्य झाकायची ताडपत्री टाकून चार दगड ठेवले की झालं. आठवड्यातून एकदा रेती दाताळ्याने तळापासून उलटी करायची आणि दिवसभर उन्हात उघडी ठेवायची. रेती फूटभर का, असं विचाराल तर ती खेळायला आहे तशी पडायलाही आहे. चार इंचांची रेती पडणाऱ्याला झेलत नाही.

दाराकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. कोंडवाड्याचं फाटक आडव्या लोखंडी पट्ट्यांचं असतं. जनावराला ते अडवतं, लेकराला ती शिडी होते. दोन पट्ट्यांमधली फट साडेतीन इंचांपेक्षा मोठी आणि नऊ इंचांपेक्षा लहान असेल तर धोका आणखी वाढतो. अंग पलीकडे जातं, डोकं अडकतं, आणि लेकरू मानेवर लटकतं. फाटकाला आतून चार फुटांपर्यंत इंचभर भोकाची जाळी वेल्डिंग करून घ्या, जाळीची टोकं बाहेरच्या बाजूला वळवा. खाली जमिनीपासून फट तीन इंचांच्या आत ठेवा, म्हणजे कुत्रंही येणार नाही. कडी पाच फुटांवर आणि मोठ्या माणसाला दोन्ही बाजूंनी उघडता येईल अशी. बिजागरीच्या बाजूला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ठोका. बोटं चिरडतात ती कडीत क्वचितच, बिजागरीच्या फटीत चिरडतात. दार आपोआप लागेल अशी स्प्रिंग बसवता आली तर उत्तम, पण ती हळू ओढणारी हवी. जुळ्यांच्या बाबतीत दार उघडण्याचा क्षणच वाईट असतो. एकाला आत घेताना दुसरं बाहेर सटकतं. म्हणून जागा असेल तर फाटकाच्या आत चार फुटांवर अडीच फूट उंचीचं दुसरं छोटं दार लावा. दोघं मधल्या जागेत आली, बाहेरचं लागलं, की मग आतलं उघडायचं. गोठ्यात वासरं सांभाळणाऱ्यांना ही युक्ती सांगायची गरज नाही.

भिंतीवर काचा किंवा काटेरी तार असेल तर काढून टाका.

सावली. कडुनिंब असेल तर तो तोडू नका, त्याच्या फांद्याही विजेच्या तारेच्या नावाखाली छाटू नका. नसेल तर पश्चिमेच्या भिंतीबाहेर करंज लावा, कारण आपल्याकडे त्रास देतं ते दुपारनंतरचं ऊन, आणि ते पश्चिमेकडून भिंतीवरून आत येतं. करंज मोठा होईपर्यंत आठ फुटांवर ७५ टक्के सावलीची हिरवी शेडनेट ताणा. मृगाच्या आधी ती उतरवून ठेवा, नाहीतर पहिल्याच वावधानात बांबूंसकट शेजारच्या छतावर जाईल. बोर-बाभूळ आत नको. कुंपणाला लावलेली चंद्रज्योत तर मुळासकट काढा, एरंड, धोतरा, कण्हेर आणि गुंजही. चंद्रज्योतीच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, म्हणूनच पोरं त्या खातात आणि उलट्या-जुलाबांनी बेजार होतात. असं कधी घडलंच तर उलटी काढायला बोटं घालू नका, उरलेल्या बिया सोबत घ्या आणि दवाखाना गाठा. जुळ्यांपैकी एकाच्या तोंडात बी दिसली तरी दोघांनाही न्या. कुणी किती खाल्लं ते त्यांना सांगता येत नाही, आणि एकाने उचललेली वस्तू दुसऱ्याने ओढून तोंडात घातली नाही असं फारसं घडत नाही.

खेळण्यांवर खर्च करू नका. मुरूम टाकून जो उरेल त्याचा अडीच फूट उंचीचा एक उतरता ढिगारा करा, वर हरळी लावा. चढणं-उतरणं या वयाला तेवढंच पुरतं. दोन-तीन लाकडी ओंडके जमिनीत अर्धे पुरा. टायर पुरायचे तर आतली तार बाहेर आलेली नको, आणि खालच्या बाजूला भोकं पाडा, नाहीतर पावसात पाणी साचून डेंग्यूच्या डासांची सोय होते. रेतीत करवंट्या, जुनी गाळणी, स्टीलचे डबे. दोन सारख्या वस्तू ठेवल्या तरी दोघांना त्यातली एकच हवी असते, त्या तीन ठेवल्या की भांडण निम्मं होतं.

बसायला ओटा हवाच. त्याची उंची पंधरा इंच ठेवा. जुळी बहुतेकदा दिवस भरण्याआधी जन्मतात, आणि दोन महिने आधी जन्मलेल्या लेकराच्या वयातून दोन वर्षांचं होईपर्यंत ते दोन महिने वजा करून त्याची वाढ बघायची असते. म्हणून पंधरा महिन्यांचं जुळं अजून धरूनच चालत असेल तर ते मागे पडलंय असं नाही. त्याला धरायला पोटाएवढी कडा लागते, ती हा ओटा देतो. आज्जीला बसायला आणि नातवाला धरायला एकच बांधकाम. ओटा फाटकाशेजारी बांधा, तिथून चारही कोपरे दिसले पाहिजेत. ओट्याच्या मागे तोटीचा माठ, त्याखाली वाहून जाणारी नाली. हौद, टाकी, भरून ठेवलेली बकेट आवारात कुठेच नको.

वेळ ऋतूप्रमाणे बदला. एप्रिल-मेमध्ये सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी सहानंतर, मधल्या वेळात फाटकाला कुलूप. मेअखेरच्या नवतपात तर संध्याकाळीही रेती तापलेली असते. तळहात रेतीवर ठेवून पाच आकडे मोजता आले नाहीत तर लेकरू उतरवायचं नाही. पाणी आणताना जुळ्यांच्या दोन बाटल्या वेगळ्या रंगाच्या असाव्यात, नाहीतर कोण प्यालं आणि कोण राहिलं ते कळत नाही आणि पाण्यावाचून राहतं ते नेहमी शांत बसणारं. सहा तासांत लघवी झाली नाही, डोळे आत गेले, लेकरू मलूल पडलं, अंग तापून कोरडं पडलं, तर सावलीत घेऊन ओल्या कापडाने अंग पुसत, वारा घालत १०८ ला फोन करायचा. ही चार लक्षणं आणि हा उपाय फाटकाशेजारच्या भिंतीवर रंगवून घ्या. घोषवाक्यांपेक्षा जास्त कामी येतील.

पैशाचं म्हणाल तर ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. बऱ्याच गावांत ते मार्चअखेर घाईघाईने शिलाई मशिनींवर किंवा अंगणवाडीच्या सतरंज्यांवर जातात. एक ब्रास रेती, दोन-तीन ट्रॉल्या मुरूम, जाळी, वेल्डिंग, शेडनेट आणि पाच दिवसांची मजुरी एवढंच हे काम आहे. आधी महिला ग्रामसभेत ठराव घ्या, मग मुख्य ग्रामसभेत, आणि ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात ते नावानिशी लिहा. ‘बालोद्यान’ असं लिहाल तर पुन्हा घसरगुंडीच येईल. ‘बंद आवार’ असंच लिहा.

आता आवाराबाहेरचं थोडं.

वर्षाचं लेकरू नऊ-साडेनऊ किलोचं असतं, दोन वर्षांचं साडेअकरा-बारा. जुळी जरा हलकी धरली तरी दोन वर्षांची दोन मिळून वीस-बावीस किलो. युरियाची गोणी ४५ किलोची असते, म्हणजे तिच्या अर्ध्याएवढं ओझं, तेही लाथा मारणारं. जुळ्यांची बाबागाडी तीस इंच रुंद असते, अडीच फुटी चौकटीत अडकते. तिची बोटभर रुंदीची चाकं काळ्या चिखलात भरली की फिरायची थांबून घसरत जातात. म्हणून वावरात जायचं तर जड लेकरू पाठीला, हलकं पोटाशी, दोन्ही लुगड्याने बांधून. पोटाशी लेकरू असलं की चालणाऱ्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. वावराकडे जाणारी पांदण सपाट हवी ती यासाठी. पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनेत काम घेतलं की पहिला थर मोठ्या दगडांचा पडतो आणि कित्येकदा तिथेच थांबतो. त्यावरून ट्रॅक्टर जातो, बंडीही कशीबशी जाते, लेकरं बांधलेल्या बाईचा पाय मुरगळतो. गावापासून निदान पहिल्या अर्ध्या किलोमीटरवर मुरमाचा थर आणि रोलर पूर्ण करून घ्या. त्याच पट्ट्यातल्या बिनकठड्याच्या विहिरींची यादी करा आणि मालकांना नोटिसा द्या. शेततळ्यांचीही. शेततळ्यातला प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही. चारही बाजूंना जाळीचं कुंपण आणि आत गाठी मारलेला दोर सोडलेला हवा.

फवारणीची दवंडी द्या. गावाला लागून असलेल्या कपाशीत फवारा मारायचा असेल तर आदल्या दिवशी गावाच्या ग्रुपवर कळवायची पद्धत पाडा. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ती धडधाकट शेतकरी आणि शेतमजूर होती. धुऱ्यावर टाकलेली रिकामी बाटली लेकराला वाईटच, पण तिचं मापाचं झाकण जास्त वाईट. रंगीत, मुठीत मावणारं, तोंडात बसणारं. बाटल्या आणि झाकणं गोळा करायला गावाबाहेर कुलपाचा एक ड्रम ठेवा.

प्रवासाचं थोडक्यात. दुचाकीवर मागे कायद्याने एकच माणूस बसतं. चार वर्षांखालच्या लेकराला पट्टा आणि हेल्मेट लागतं. म्हणजे जुळ्यांच्या घरासाठी रीतसर वाहन एकच, एसटी. पाच वर्षांखाली तिकीट नाही, बाईला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. अडचण आहे ती पायरीची. एकाला वर ठेवून दुसऱ्याला उचलेपर्यंत वरचं पुन्हा पायरीशी आलेलं असतं. बस जिथे थांबते तिथे ग्रामपंचायतीने पायरीएवढ्या उंचीचा, सहा फूट लांब ओटा बांधला, वर पत्र्याची सावली केली, तर दोघांना दोन हातांना धरून एकदमच चढवता येईल. दार लावण्याआधी दोन डोकी मोजायला वाहकाला सांगणं हे आमचं आम्ही करू.

अंगणवाडीत बसायला तीन वर्षं पूर्ण व्हावी लागतात, त्याआधी मिळतो तो घरी न्यायचा आहार. तो दोघांचा स्वतंत्र मिळतो की नाही, आणि दोघांची दोन कार्डं वेगवेगळी भरली जातात की नाही, हे ग्रामपंचायतीच्या बैठकीत अंगणवाडीताईंना विचारत जा. एका आईची सही बघून एकाच लेकराचा हिशेब लिहिला जाणं फार सोपं असतं. वजन घेताना, लस देताना आशाताईंना आणखी एक माणूस सोबत द्या. एक रडत असताना दुसऱ्याचं वजन बरोबर येत नाही.

आपले,
विदर्भातल्या खेड्यांत जुळी वाढवणारे आईबाप आणि आज्या

ता.क. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लेकरं लाकडी नंदीबैल सजवून आणतात त्या दिवशी, बरीच गावं लेकरांना फुगे, फुटाणे आणि गोळ्या वाटतात. तीन वर्षांखालच्या लेकराच्या घशात या तिन्ही गोष्टी अडकतात. त्याऐवजी केळं द्या, प्रत्येकाला एक अख्खं. आणि सजावटीचं बक्षीस जुळ्यांना द्यायचं झालं तर त्यांच्या नंदीबैलांना दोन वेगवेगळे क्रमांक लावा, दोघांत मिळून एक नको.